डोक्यावरचा दोन

कोणत्याही समीकरणाची उंची ओळीच्या उंचीपेक्षा जास्त असू नये, असा ठराव गेल्या वर्षी नंदुरबार येथे एकमताने मंजूर झाला. ठरावाच्या बाजूने सगळे सभासद होते. विरुद्ध बाजूला फक्त समीकरणे होती, आणि त्यांना मताधिकार नाही.

ही वेळ का आली, ते आधी सांगितले पाहिजे. आमच्याकडे 'जिल्हा गणित गौरव मंडळ' नावाची एक संस्था आहे. दहावीच्या मुलांची परीक्षा घ्यायची आणि जो पहिला येईल त्या एकाची अकरावी-बारावी विज्ञानाची सोय, राहण्या-जेवणासह, नंदुरबारला करायची, एवढेच मंडळाचे काम. जागा एकच. डोंगरातल्या आश्रमशाळांपासून तापीकाठच्या हायस्कुलांपर्यंत हुशार म्हणवणारे प्रत्येक पोर त्या एका जागेकडे डोळे लावून बसलेले असते. खर्च मिरचीचे व्यापारी नवनीतशेठ करतात, म्हणून प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर त्यांच्या कैलासवासी वडिलांचा फोटो असतो. मुले आधी फोटो पाहतात, मग प्रश्न. हे सगळे सुरळीत चालले होते.

मागच्या वर्षी बक्षीस समारंभाला नाशिकहून एक पाहुणे आले. आपल्या भाषणाची पाळी येईपर्यंत चाळा म्हणून त्यांनी प्रश्नपत्रिका हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली आणि म्हणाले, "ओळी जरा वरखाली वाटतात, नाही?"

पाहुणे चहा पिऊन गेले. वाक्य मागे राहिले.

मंडळाचे अध्यक्ष हिंमतराव आप्पा यांना त्या रात्री जेवण गेले नाही, असे त्यांच्या घरचे सांगतात. आप्पा निवृत्त मुख्याध्यापक. पण मुख्याध्यापक होण्याआधी ते उभी हयात कवायतीचे शिक्षक होते. पोरे उंचीप्रमाणे लावायची, दोरीने रांग तपासायची आणि ज्याचे डोके दोरीच्या वर येईल त्याला मागे पाठवायचे, यात त्यांचा हात धरणारा आजही खानदेशात नाही. अशा माणसाच्या अध्यक्षतेखाली छापलेल्या ओळी वरखाली असाव्यात, हे त्यांच्या आयुष्याच्या जमाखर्चात बसत नव्हते. त्यांनी 'मांडणी एकरूपता समिती' नेमली. अध्यक्ष आप्पाच. सदस्य दोन: मराठीच्या शिक्षिका रोहिणीताई, कारण त्यांचे अक्षर चांगले, आणि नवनीतशेठ, कारण फोटो त्यांचा.

समितीने नियम केले. संपूर्ण प्रश्नपत्रिका एकाच वळणाच्या अक्षरात असावी. आकार सर्वत्र चौदा. दोन ओळींमधले अंतर कॉम्प्युटरला नेमके सांगून बांधून टाकावे, म्हणजे कुठलीही ओळ मनाला येईल तशी वाढणार नाही. पाने दोनच. चित्र, चौकट, नक्षी यांना मनाई. "फोटो?" असे नवनीतशेठ काळजीने म्हणाले, तेव्हा आप्पांनी खुलासा केला की फोटो हा ओळीत मोडत नाही, त्यामुळे त्याला नियम लागू होत नाहीत. हा खुलासाही एकमताने मंजूर झाला.

आता प्रश्नपत्रिका काढायची होती. ते काम खापर गावच्या हायस्कुलातले गणिताचे हेमकांत सर यांच्याकडे होते. सर हुशार, टापटिपीचे, आणि अलीकडे थोडे अधीर. कारण यंदाच्या समारंभात प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचा शाल-नारळ देऊन सत्कार होणार, असे मंडळाने जाहीर केले होते. सरांनी सगळे प्रश्न हाताने लिहिले. अपूर्णांकाच्या मधली रेघ ते आजही पट्टीने ओढतात. पहिला प्रश्न तीन-चतुर्थांश आणि दोन-पंचमांश यांच्या बेरजेचा होता. सातवा असा: x² − 7x + 12 = 0 हे समीकरण सोडवा. सोबतच्या उत्तरसूचीत सातव्यासमोर टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: x = 3 किंवा x = 5. प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची एकाच पाकिटात घालून, लाख लावून, पाकीट मंडळाच्या कपाटात गेले. टायपिंगसाठी सरांनी फक्त प्रश्नांची नक्कल घेतली आणि ते वसीमकडे निघाले.

वसीमचे कॉम्प्युटरचे दुकान मिरचीच्या पथाऱ्यांच्या मागच्या रस्त्याला आहे. हंगामात तिकडे उघड्या मैदानावर नजर पोहोचेल तिथवर लाल मिरची वाळत असते, आणि वसीमच्या दुकानातले प्रत्येक कागदपत्र शिंकेने सुरू होऊन शिंकेने संपते. लग्नपत्रिका, सातबाराचे अर्ज, पीएच.डी.चे प्रबंध, सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. त्याने समीकरणे व्यवस्थित टाइप केली, प्रत्येक अपूर्णांक रेघेसकट बसवला. मग समितीचे पत्रक समोर ठेवून ओळींचे अंतर बांधले आणि थांबला.

"सरजी, ये देखो. आपके अपूर्णांक की गर्दन गई."

सर पडद्यावर वाकले. पहिल्या प्रश्नातले वरचे तीन आणि दोन नाहीसे झाले होते. रेघाही नव्हत्या. खाली चार आणि पाच उभे होते, मध्ये अधिक.

"अंश कुठं गेले रे?"

"अंदर हैं. गेले नाहीत, दिसत नाहीत फक्त. ओळ बांधली ना तुम्ही. समीकरण उंच, ओळ बुटकी. वरचं कापलं जाणारच." वसीम शिंकला. "ओळ मोकळी करू? एका बटनाचं काम आहे."

"नको नको," सर म्हणाले, "नियम आहे."

"मग वरचं राहू द्यायचं की नियम?"

हा प्रश्न सरांच्या अधिकारात बसत नव्हता. दोघे कागदाचा नमुना घेऊन आप्पांकडे गेले.

आप्पांनी नमुना लांब धरला, एक डोळा मिटला आणि ओळींवरून नजर फिरवली, जशी ते मैदानावर फिरवत. त्यांचा चेहरा उजळला. "वा! देखा, कशी रांग शे! एक बी डोकं वर नही."

"आप्पा, पण डोकी कापली गेली आहेत," सर म्हणाले. "तीन-चतुर्थांश होतं. नुसतं चार राहिलं."

"बेरीज शे ना?"

"आहे."

"मंग पोरं करतीन बेरीज. चार आनि पाच. सोपं व्हयनं उलटं."

सरांनी धीर करून पर्याय सुचवले. ओळ थोडी उंच करावी का? आप्पा म्हणाले, एकासाठी ओळ उंच केली तर उद्या प्रत्येक गणित उंच जागा मागेल. मग मध्ये तिरकी रेघ देऊन अपूर्णांक आडवा लिहावा का? आप्पांनी विचार केला आणि सांगितले की तिरकी रेघ ही जावक क्रमांकासाठी राखीव आहे. ती पोरांच्या गणितात वापरली तर पत्रव्यवहाराचे महत्त्व कमी होईल. मग शब्दांत लिहावे का, तीन छेद चार असे? तेवढ्याने प्रश्नपत्रिका तिसऱ्या पानावर गेली असती. वसीमने मध्ये तोंड घातले: "आप्पा, फोटो जरा छोटा केला तर दोन पानांत बसतं."

त्या वाक्याची नोंद इतिवृत्तात नाही.

"आनि हाऊ काय शे?" आप्पांनी सातव्या प्रश्नावर बोट ठेवले. "हाऊ दोन वर कसाले चढी बसना?"

"वर्गाचा दोन आहे, आप्पा. तो वरच बसतो."

"बाकीना बठ्ठा खाले आनि हाऊ एकलाच वर? आनि आकार तरी चौदा शे का याना?"

"नाही. तो लहान असतो."

"लहान शे आनि डोकावर बठस!" आप्पांना खरेच वाईट वाटले. "मन्ही शाळामा आसं कधी चालनं नही, सर. खाले उतारा त्याले."

वसीमने सगळे निवडले, आकार चौदा केला, आणि डोक्यावरचा दोन निमूट खाली उतरून x च्या शेजारी, समान उंचीने उभा राहिला. x2 − 7x + 12 = 0. पाहायला खरोखर सुंदर दिसत होते. चुकीच्या गोष्टी बहुधा सुंदर मांडलेल्या असतात. बरोबर असणाऱ्यांना तेवढा वेळ नसतो.

छपाईआधी एक प्रमाणपत्र भरायचे होते. 'ओळी तपासल्या': हिंमतराव. 'अक्षर तपासले': रोहिणीताई. 'फोटो तपासला': नवनीतशेठ. शेवटचा रकाना 'आशय तपासला' असा होता, आणि तो समितीतल्या कुणाच्याच कामात मोडत नसल्याने तिथे हेमकांत सरांनी सही करायची होती.

सरांचा पेन कागदाच्या वर थांबला.

"तुम्ही कसाले घाबरतस?" आप्पा म्हणाले. "आमनी तिघास्नी सही शे ना. तीन मानसं चुकतस का?"

रोहिणीताई म्हणाल्या, "सर, तुम्ही तपासलं असेल म्हणून मी केली सही."

नवनीतशेठ म्हणाले, "मी ताईंची पाहून केली. सर, शाल कोणत्या रंगाची आणू? पोपटी चालेल?"

सरांनी सही केली. पोपटी चालेल म्हणाले.

परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका जिल्ह्यात सगळीकडे पोहोचल्या. जिथे रस्ता नाही तिथे, मणिबेलीच्या बाजूला, नावेतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गेल्या, ओळी ओल्या होऊ नयेत म्हणून. धडगावच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेच्या केंद्रावर दीपमाला वीरसिंग पावरा नावाची मुलगी बसली होती. ही जागा मिळाली तर विज्ञान, नाही मिळाली तर जे जवळ असेल ते, असे तिच्या घरी सरळ ठरलेले होते. तिने पहिला प्रश्न पाहिला. चार अधिक पाच. दहावीला हे कसे, असे तिला वाटले. पण विचारण्याजोगे त्यात काही नव्हते, तिने नऊ लिहिले. सातव्याशी मात्र ती अडली. हात वर केला.

"सर, हा दोन खाली आहे. वर पाहिजे ना?"

पर्यवेक्षक सरांनी प्रश्नपत्रिका पाहिली. मग फोटो पाहिला. "जिल्ह्याहून आलंय, बाई. जसं दिसतं तसं सोडव."

दीपमालाने प्रश्न पुन्हा वाचला. मग तिने उत्तरपत्रिकेत लिहिले, 'दोन वर असावा असे समजून सोडवते', आणि खाली x² − 7x + 12 = 0 मांडून, अवयव पाडून, उत्तर काढले: x = 3 किंवा x = 4. पुढच्या प्रश्नाकडे वळली.

बाकीच्या बहुतेक मुलांनी मात्र शिस्त पाळली. x2 म्हणजे x दोनदा, असे धरून त्यांनी दोनातून सात वजा केले आणि उत्तर 2.4 आणले. पेपर तपासायला बसलेल्या शिक्षकांनी कपाटातल्या सूचीप्रमाणे दोन उत्तरे अपेक्षित आहेत असे ऐकले होते, पोरांकडून तर एकच येत होते. त्यांनी आप्पांना विचारले.

आप्पांनी हा पेच मिनिटात सोडवला. उत्तरसूची हाताने लिहिलेली आहे, ओळी नसलेल्या कागदावर. प्रश्नपत्रिका छापील आहे, प्रमाणपत्रासह. दोघांत भांडण झाले तर मान कोणाचा? छापलेल्याचा. म्हणून सातव्याचे उत्तर 2.4 हेच बरोबर. सूची आपोआप रद्द. ती उघडून पाहण्याचीही गरज नाही.

हे निस्तरले असे वाटत होते, तोच दीपमालाची उत्तरपत्रिका वर आली. बाकी सगळ्या प्रश्नांना तिला इतरांपेक्षा जास्त गुण होते. सातव्यावर तपासणाऱ्याने लाल शाईने शेरा मारला होता: 'प्रश्नपत्रिकेत नसलेले समीकरण. कोठून आणले?'

शेरा बारकाईने वाचल्यावर आप्पांचे डोळे बारीक झाले. टायपिंगची नक्कल छपाईनंतर फाडून टाकलेली होती, म्हणजे वरच्या दोनचे समीकरण जगात एकाच ठिकाणी होते: कपाटातल्या सीलबंद पाकिटात. पाकीट समितीसमोर उघडले. सगळे वाकले. हेमकांत सरांच्या कागदावर दोन वर होता. मुलीच्या कागदावर दोन वर होता. दोन्ही कागद शेजारी ठेवून आप्पांनी पट्टी लावली. उंचीसुद्धा जवळजवळ सारखी भरली.

"फुटना," आप्पा खुर्चीत मागे टेकले. "पेपर फुटना."

पेपर फुटल्याच्या चौकशीची तारीख लागली. दीपमाला आणि तिचे वडील वीरसिंग डोंगर उतरून, दोन बसेस बदलून नंदुरबारला आले. वीरसिंग शेती करतात. उंच, कमी बोलणारे, स्वच्छ पांढरा सदरा घातलेले. त्यांना खुर्ची दिली गेली. दीपमाला उभी राहिली. हेमकांत सरांनाही बोलावले होते. कारण पेपर फुटला असेल तर तो त्यांच्याकडूनच, हे उघड होते.

"साहेब," वीरसिंगनी विचारले, "माझ्या पोरीनं काय चोरलं?"

"दोन," आप्पा म्हणाले.

"दोन काय?"

"नुसता दोन. वर बसलेला."

वीरसिंगनी मुलीकडे पाहिले, समितीकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "मोठा होता का?"

"नाही. लहान."

"मग परत देऊन टाकला तर चालेल का?"

ते साधेपणाने विचारत होते की आणखी कशाने, हे समितीतल्या कुणाला ठरवता आले नाही. चौकशीचे इतिवृत्त होणार म्हणून आज पुस्तकी मराठीत बोलणाऱ्या आप्पांनी प्रश्न मुलीकडे वळवला. "हा वरचा दोन तुला कुणी सांगितला?"

"कुणी नाही, सर. तो वरच असतो."

"कुठं असतो?"

"पुस्तकात."

रोहिणीताईंना यात काही तथ्य वाटले असावे. त्यांनी कपाटावरचे दहावीचे पुस्तक काढले, वर्गसमीकरणाचे पान उघडले आणि दबकत म्हणाल्या, "आप्पा, इथं सगळे दोन वर आहेत."

आप्पांनी पुस्तक लांब धरले. एक डोळा मिटला. पान उलटले, परत उलटले. मग ते अत्यंत दुःखाने टेबलावर ठेवले. "ताई, याच्या ओळी पाहिल्या का? एक वर, एक खाली. अपूर्णांक तर बघा, आडदांड. हे पुस्तक आपल्या पत्रकात बसत नाही. नियमात न बसणारा कागद पुरावा म्हणून घेता येत नाही."

"पण पुस्तक सरकारी आहे."

"म्हणूनच बोलत नाही जास्त."

आता सगळ्यांनी हेमकांत सरांकडे पाहिले. दीपमालानेही पाहिले. सरांना फक्त एवढेच म्हणायचे होते की दोन वरच हवा होता, छापताना खाली आला. एक वाक्य. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या बाजूला त्यांची स्वतःची सही होती, 'आशय तपासला' या रकान्यात, ठळक, तारखेसह. दोन वर म्हणावे तर सही खोटी. दोन खाली म्हणावे तर मुलगी चोर. सरांनी आयुष्यभर मुलांना सांगितले होते की प्रत्येक समीकरणात काहीतरी अज्ञात असते. इथे सगळेच ज्ञात होते, तरी सुटत नव्हते.

"मांडणीच्या दृष्टीने," सर म्हणाले आणि थांबले. "मांडणीच्या दृष्टीने प्रश्नपत्रिका निर्दोष आहे."

"पाहा!" आप्पा म्हणाले.

दीपमालाने सरांवरची नजर काढून घेतली आणि खिडकीबाहेर लावली. बाहेर हातगाडीवर कुणीतरी मिरचीची पोती रचत होते. सगळ्यात वरचे पोते सगळ्यात लहान होते.

तरीही समिती निर्दय नव्हती, याची नोंद घ्यावी. मुलीला आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी द्यायची, असे ठरले. तिने लेखी खुलासा करावा. मात्र खुलासा मंडळाच्या दप्तरात जाणार, तेव्हा तो पत्रकाप्रमाणे टाइप केलेला हवा: एक अक्षर, आकार चौदा, ओळी बांधलेल्या. बापलेक वसीमकडे गेले. दीपमालाने सांगितले आणि वसीमने टाइप केले: 'प्रश्नात x2 असे छापले होते. मला शाळेत x² असे शिकवले आहे. म्हणून मी x2 च्या जागी x² लिहिले.' मग पत्रक समोर ठेवून त्याने सगळे निवडले, आकार चौदा केला, आणि कपाळावर हात मारला.

कागदावर आले ते असे: 'प्रश्नात x2 असे छापले होते. मला शाळेत x2 असे शिकवले आहे. म्हणून मी x2 च्या जागी x2 लिहिले.'

"हे मी नाही म्हटलं," दीपमाला म्हणाली.

"बेटा, मालूम है." वसीम पहिल्यांदाच शिंकला नाही. "पेनाने वर करून देऊ का?"

पेनाने केले असते तर खाडाखोड झाली असती, आणि खाडाखोड केलेला खुलासा घेत नाहीत. खुलासा तसाच गेला. समितीने तो दोनदा वाचला.

"ही म्हणते, x2 होतं, x2 शिकवलं, x2 लिहिलं," नवनीतशेठ म्हणाले. "मग भांडण काय आहे?"

"तेच तर," आप्पा म्हणाले. "खुलाशात खुलासाच नाही. उलट, फरक नव्हता असं ती स्वतः कबूल करते. मग उत्तर वेगळं आलं कसं?"

चोरी सिद्ध झाली नाही, असा निर्णय मोठ्या मनाने देण्यात आला. ती झाली नाही असेही सिद्ध न झाल्याने उत्तरपत्रिका बाजूला ठेवण्यात आली. हेमकांत सरांना समज देऊन त्यांचा सत्कार कायम ठेवला. जागा भाग्येश नावाच्या मुलाला मिळाली. त्याने सगळे प्रश्न जसेच्या तसे, एका रांगेत, पट्टी लावल्यासारखे उतरवून काढले होते. उत्तर एकही लिहिले नव्हते, त्यामुळे चुकलेही एकही नव्हते. आणि सुवाच्य मांडणीसाठी यंदापासून वेगळे गुण होते, ते त्याला पैकीच्या पैकी पडले. समारंभात आप्पांनी त्याची उत्तरपत्रिका लांब धरून सभागृहाला दाखवली. टाळ्या झाल्या. पोपटी शाल सरांना चांगली दिसली.

वीरसिंग निर्णय ऐकून उठले. आभार मानण्याची पद्धत आहे म्हणून त्यांनी हात जोडले. दारातून मुलीला म्हणाले, "चल बाई. यांचा दोन यांच्यापाशी राहू दे." दीपमालाने जवळच्या कॉलेजात कला शाखेला नाव घातले. तिथे बीजगणित नाही, त्यामुळे पुन्हा चोरीचा संशय येण्याची भीती नाही.

आता हिशेब मिटवताना एक रक्कम जुळत नाही, ती दाखवून देतो. मुलीने पाकीट फोडले असते, तर तिच्या हाती प्रश्नांसोबत उत्तरसूचीही लागली असती. दोन्ही एकत्रच होती. त्या सूचीत सातव्याचे उत्तर तीन किंवा पाच असे होते. ते चूक आहे. तीन पाचे पंधरा होतात, समीकरणात बारा आहेत. टापटिपीच्या नादात हेमकांत सरांचा हात घसरला. दीपमालाचे उत्तर तीन किंवा चार होते, आणि तेच बरोबर आहे. चोराने पाचही चोरला असता. म्हणजे तिच्या निर्दोषपणाचा पुरावा त्या दिवशी, पाकीट उघडले तेव्हा, टेबलावर सगळ्यांच्या नाकाखाली पडलेला होता. पण सगळे दोनची उंची मोजत होते.

आप्पांना हसायला हरकत नाही. मात्र तीन आणि पाच हे तुम्हालाही सुरुवातीलाच दाखवले होते, आणि तीन आणि चार मध्यावर. काहीही कापले नव्हते, काहीही लपवले नव्हते. समीकरण आले तसे तुम्ही डोळे उचललेत आणि पुढच्या वाक्यावर ठेवलेत, कारण बाकीच्यांनी तपासले असेल. ज्यांनी थांबून आकडेमोड केली, त्यांची क्षमा मागतो. त्यांना कुठल्याही समितीवर घेत नाहीत. उरलेल्यांसाठी खाली जागा सोडली आहे. ओळ सरळ आहे, आप्पांनी पाहून दिली आहे.

आशय तपासला : ______________ (वाचकाची सही)